सासूबाईंच्या गाळलेल्या जागा

माझ्या सासूबाई वाक्य पूर्ण करत नाहीत. विसरतात म्हणून नाही, दम लागतो म्हणूनही नाही. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, त्याची ही खूण. वाक्याचा शेवटचा शब्द अर्धा तोडायचा, समोर धरायचा, आणि उरलेला समोरच्यानं पुरा करायचा. "पाणी तापवलं की त्याची होते वा...?" म्हणून त्यांनी भुवया उंचावल्या की अख्खा वर्ग "वाऽफ!" म्हणून ओरडायचा. पोरं त्यांना मागून 'गाळलेल्या जागा' म्हणायची. सासूबाईंना ते ठाऊक होतं, आणि मला वाटतं आवडतही होतं.

शाळा सुटून घरी आल्या तरी सवय सुटायची नाही. "गॅस बंद के...?" "केला, आई." "दुधावर झाकण ठे...?" "ठेवलं, आई." लग्न ठरवायला आमच्या घरी आल्या तेव्हाही माझ्या आईकडे बघून म्हणाल्या, "मुलगी स्वयंपाक चांगला क...?" माझी आई अशी गडबडली की तिच्या तोंडून "करते" निघून गेलं. ते 'करते' मी आजतागायत निस्तरते आहे. नवरा तर यातच लहानाचा मोठा झालेला. पेपरातून मान वर न काढता तो अर्धा शब्द पुरा करतो. काय पुरा केलास असं विचारलं तर त्याला सांगता येत नाही.

नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही परदेशात आलो. तिथे माझ्या हिशेबनिशीच्या पदवीला कुणी हिंग लावून विचारेना. मग मी तिथल्या शिक्षक-प्रशिक्षणाला नाव घातलं. वर्षभराचा अभ्यास, त्यातले बरेच महिने एका आंतरराष्ट्रीय शाळेत खऱ्या मुलांसमोर, आणि शेवटी परीक्षेचा एक तास. तो नीट झाला की पात्रता हातात. मग जगातल्या कुठल्याही देशातल्या असल्या शाळेचं दार ठोठावता येतं.

त्याच सुमाराला सासूबाई मुदतीआधी निवृत्ती घेऊन आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या. नवरा खूश. म्हणाला, "बरं झालं आई, आता दिवसा घरात कुणीतरी असेल. कुंड्यांना वेळेवर पाणी मिळेल."

सासूबाईंनी बॅग खाली ठेवली. "तुझ्या कुंड्यांना पाणी घालायला मी इतक्या लांब आलेली ना...?"

"नाही," नवरा सवयीनं बोलून गेला आणि फसला.

पुढच्या सोमवारी सासूबाईही नाव घालून प्रशिक्षणाच्या वर्गात माझ्या शेजारच्या खुर्चीत बसल्या होत्या. माझ्यासाठी तो दुष्काळात तेरावा महिना. घरी सासू, वर्गात सासू, आणि डब्यातली भाजी कशी झालीय हे सांगायला मधल्या सुट्टीतही सासू.

तिथे सुरुवातीला आम्ही एकमेकांवरच हात साफ करायचो. एकानं शिक्षक व्हायचं आणि बाकीच्या मोठ्या माणसांनी दहा वर्षांची मुलं. माझी पाळी आली तेव्हा मी अपूर्णांक शिकवायला उभी राहिले, आणि सासूबाईंच्या अंगात त्यांना आजवर छळलेली सगळी कार्टी एकदम आली. त्यांनी कागदाचे बोळे फेकले. शेजारी एक निवृत्त बँक अधिकारी बसले होते, अत्यंत सज्जन माणूस, "मॅडम, हा मला चिमटे काढतो!" म्हणून त्यांची तक्रार केली. मी फळ्याकडे वळले की मांजर ओरडायचं. मी पुन्हा तोंड फिरवलं की सासूबाई हाताची घडी घालून बसलेल्या. मला त्या 'मॅडम' म्हणाल्या हे खरं, पण त्या सुरात म्हणण्यापेक्षा शिवी दिलेली परवडली असती. आमच्या प्रशिक्षणात रागवायला सक्त मनाई. मी दात आवळून मायेनं विचारलं, "बाळा, तुला आत्ता काय वाटतंय?"

"भूक," बाळ म्हणालं.

आमच्या प्रशिक्षिकेला मी मौनीबाई म्हणायचे. ती तासाला मागे येऊन बसायची, मान हलवायची, लिहायची, आणि तिच्या चेहऱ्यावरची माशी हलायची नाही. परीक्षेचा तासही तीच बघणार होती. तिचा एकच मंत्र होता: शिक्षकानं कमी बोलायचं, मुलांना विचार करायला जागा द्यायची, प्रश्न विचारून गप्प बसायचं. गप्प बसणं हा आमच्या घराण्यात फारसा कुणाला न जमलेला प्रकार.

प्रत्यक्ष शाळेत आम्हा दोघींना एकच वर्ग मिळाला. मला गणित, त्यांना विज्ञान. त्या शाळेतली विज्ञानाची शिक्षिका लवकरच नोकरी सोडून जाणार होती. तिच्या गळ्यात निळ्या फितीला प्रयोगशाळेची किल्ली असायची. मुख्याध्यापकांनी एकदा चहा पिताना सासूबाईंना सांगितलं होतं, की पात्रता मिळवा, जागा तुमचीच समजा. तेव्हापासून सासूबाई त्या किल्लीकडे लहान मूल फुग्याकडे बघतं तशा बघायच्या. जुन्या शाळेची किल्ली त्यांच्या कमरेला कितीतरी वर्षं होती. "ती परत दिली ना," त्या मला एकदा म्हणाल्या, "तर घरी येईपर्यंत मी कमरेला हात लावून बघत हो...?"

"होता," मी म्हटलं.

त्यांचा परीक्षेचा तास आधी आला. विषय वनस्पती. सासूबाई झोकात उभ्या राहिल्या आणि इंग्रजीतही तेच. "प्लांट्स मेक देअर ओन फू...?" भुवया वर.

वर्ग चिडीचूप. त्या मुलांना असा अर्धा शब्द आयुष्यात कुणी दिला नव्हता. त्यांना वाटलं बाईंना काहीतरी होतंय. सासूबाईंनी भुवया आणखी वर नेल्या. "फू...? फू...?" एका मुलानं पाण्याची बाटली पुढे केली. दोन वेण्यांची एक मुलगी उठून मागच्या बाकावर माझ्याकडे आली आणि हळूच म्हणाली, डॉक्टरांना बोलावू का? शेवटी सासूबाईंनी "फूड!" स्वतःच म्हटलं, आणि मग पुढचा सगळा तास प्रश्नही त्यांचे आणि उत्तरंही त्यांचीच.

मौनीबाईनं तास नापास केला. मुलांनी विचार करायचा तर बाईंनी जागा कुठे सोडली, असं तिचं म्हणणं. मला हसू यायला हवं होतं, जागा सोडण्यात ज्यांचा जन्म गेला त्यांना हे ऐकावं लागलं म्हणून. पण सासूबाई विज्ञानाच्या शिक्षिकेच्या गळ्यातल्या किल्लीकडे एकदा बघून खाली मान घालून निघाल्या, आणि मला हसू आलं नाही. नियमाप्रमाणे आणखी एक संधी होती. ती हुकली की संपलं. मग घर, कुंड्या, आणि दिवसभर माझ्या डब्यांची झाकणं. दुसऱ्या संधीपर्यंत त्यांना शिकवायची बंदी. दुसऱ्या इमारतीतल्या बालवर्गात बसून नुसतं निरीक्षण करायचं.

त्या संध्याकाळी जेवताना सासूबाई म्हणाल्या, "भाजीत मीठ कमी आहे."

मी तोंड उघडून बसले होते, 'पुढे?' या तयारीनं. पुढे काही नव्हतं. वाक्य संपलं होतं. थोड्या वेळानं, "मी फिरून येते." हेही पूर्ण. दुसऱ्या दिवशी, "गॅस बंद केलास का?" असा सरळ, साधा, जगातल्या कुठल्याही सासूनं विचारावा तसा प्रश्न. विचारून गप्प. आठवडाभर त्यांनी एकही शब्द तोडला नाही.

नवऱ्याला म्हटलं, "आईंना काय झालंय बघ जरा. त्या खचल्यात."

"काही नाही झालेलं," म्हणून त्यानं जरा घाईघाईनंच पेपर तोंडापुढे धरला. पुरुषांना घरातलं दुःख दिसत नाही, असं म्हणून मी तो विषय सोडला.

मला फार वाईट वाटलं. इतकं वाटेल असं मला स्वतःलाच वाटलं नव्हतं. ज्या अर्ध्या शब्दांनी मला सळो की पळो करून सोडलं होतं, त्यांच्याशिवाय घर ओकंबोकं झालं. मी ओट्यापाशी उभी राहून उगाच "झाकण ठेवलं हं, आई!" असं ओरडायचे, न विचारता. त्या म्हणायच्या, "बरं." बरं! मला रडू यायचं.

मग मी ठरवलं. या वयात सासूबाई काही बदलायच्या नाहीत. तेव्हा वर्गच बदलायचा.

वर्ग तर माझ्या हातात होता. गणिताच्या तासाला मी दार लोटून घेतलं आणि म्हटलं, "सेव्हन एट्स आर फिफ्टी सि...?" आणि भुवया वर. भुवया जमायला मला आरशासमोर सराव करावा लागला होता. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. दोन वेण्यांवालीनं बिचकत म्हटलं, "सिक्स?" मी अशी काही टाळी वाजवली की सगळ्यांना कळलं, इथे ओरडायचं असतं. ओरडायची परवानगी मिळालेली मुलं जगाच्या पाठीवर कुठेही सारखीच. दोन दिवसांत खिडक्या हादरायला लागल्या. चौथ्या दिवशी पोरं व्हरांड्यात एकमेकांना अर्धे शब्द फेकून मारत होती. खानावळीतल्या वाढप्याला एकानं "कॅन आय हॅव सू...?" विचारलं, तर मागच्या रांगेनं "ऽप!" म्हणून त्याच्या हातातला डाव पाडला. माझ्या सासूबाई विज्ञान शिकवायला परत आल्या की त्यांच्यासमोर असंच, खणखणीत, असं मी सगळ्यांना बजावून ठेवलं. पोरांनी माना डोलावल्या. कट करायला मिळाला की मुलं किती शहाण्यासारखी वागतात.

परीक्षेचा दिवस उजाडला. विषय बाष्पीभवन. मी मदतनीस म्हणून मागच्या बाकावर, माझ्या बाजूला मौनीबाई. सासूबाईंनी ओला स्पंज घेतला, फळ्यावर लांबलचक पट्टा ओढला आणि बाजूला झाल्या. पट्टा हळूहळू आक्रसत गेला आणि दिसेनासा झाला. वर्ग पुढे झुकला. वेण्यांवालीनं छाती भरून श्वास घेऊन ठेवलेला मला मागून दिसत होता. आता बाई म्हणणार, 'द वॉटर हॅज इव्हॅपो...?' आणि छप्पर उडणार.

सासूबाई म्हणाल्या, "पाणी इथे होतं. तुम्हाला काय वाटतं, ते आता कुठे असेल?"

पूर्ण वाक्य. पूर्ण प्रश्न. आणि त्यांनी ओठ मिटून घेतले.

पोरं अर्ध्या शब्दाची वाट बघत होती. बाई उत्तराची वाट बघत होत्या. मौनीबाईचं पेन हवेत. अशी शांतता त्या वर्गानं माझ्या काळात पाहिली नव्हती. एकेक डोकं मागे वळून माझ्याकडे बघायला लागलं: बाई, शब्द कुठाय? मी छताकडे बघितलं. छत स्वच्छ होतं. मी ते इतकं निरखून बघितलं की मौनीबाईनंही एकदा वर बघून घेतलं.

सासूबाई बोलेनात. बोटं स्पंजावर घट्ट रुतली होती, पण ओठ मिटलेले. आणि तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. भाजीत मीठ कमी आहे. मी फिरून येते. गॅस बंद केलास का, आणि मग गप्प. बाई खचलेल्या नव्हत्याच. बाई सराव करत होत्या! आणि पेपरामागे लपणारा माझा नवरा त्यात सामील होता. मी इकडे त्यांच्यासाठी अख्खा वर्ग बिघडवून ठेवला, आणि त्या तिकडे स्वतः सुधारून बसल्या. पोरं आता तोंडातून ब्र काढणार नाहीत, किल्ली जाणार, आणि ती माझ्यामुळे जाणार. मी पदराला... पदर नव्हता, मी ओढणीला घाम पुसला.

वेण्यांवालीला बाईंची दया आली असावी. तिला वाटलं, बाई पुन्हा अडकल्या. ती उठली, वर्गाकडे तोंड करून उभी राहिली आणि म्हणाली, "आय थिंक द वॉटर इज इन द स्...?"

"स्काय!" खिडकीकडची ओळ.

"सन!" मधली ओळ.

"स्पंज!" दाराकडची ओळ.

क्षणभर सगळेच चपापले. आजवर गाळलेल्या जागेत एकच शब्द बसायचा. इथे तीन बसले होते, आणि तिन्ही ओळी आपला शब्द सोडायला तयार नव्हत्या. स्पंजवाले म्हणाले, पाणी आलं तिथूनच, मग परत तिथेच शिरलं असेल. सूर्यवाले म्हणाले, ऊन पाणी पितं. आकाशवाल्यांमधला एक बाकावर चढला आणि त्यानं वर्गाला नवा अर्धा शब्द टाकला: पाणी इतकं बारीक झालंय की ते दिसत ना...? त्यावर चौघांनी चार शेवट सुचवले. सासूबाईंनी अजूनही तोंड उघडलं नव्हतं. त्यांनी फक्त तिन्ही ओळींना एकेक ओलं फडकं दिलं आणि इतकंच म्हणाल्या, "सिद्ध करा." एक फडकं उन्हात गेलं, एक सावलीत, आणि एक स्पंजाला चिकटवून डब्यात बंद झालं. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी हलेना. स्पंजवाले डब्यावर बसून राहिले, कुणी फसवू नये म्हणून.

माझ्या बाजूला कसलातरी आवाज झाला. मौनीबाई हसत होती.

नंतर स्टाफरूममध्ये तिनं सासूबाईंना विचारलं, मुलं एकमेकांना प्रश्न टाकतात, एकमेकांची वाक्यं पुढे नेतात, हे मी इतक्या वर्षांत क्वचित बघितलंय. हे तुम्ही कसं शिकवलंत?

सासूबाई खोटं बोलत नाहीत. "मी नाही शिकवलं. मी नुसती गप्प बसले," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात सगळं होतं: कुणी शिकवलं हे, का शिकवलं हे, आणि घरी चल तुला बघते हेही. मौनीबाईचीही मान माझ्याकडे वळली. मी पुन्हा छत शोधायला लागले.

"आमची घरची पद्धत आहे," सासूबाई शांतपणे म्हणाल्या.

तास पास झाला, आणि नुसता पास नाही, नावाजला गेला. पुढच्या आठवड्यात निळ्या फितीची किल्ली सासूबाईंकडे आली. फीत त्यांनी काढून टाकली आणि किल्ली कमरेला खोचली.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण माझा परीक्षेचा तास राहिला होता. तो होता सासूबाईंच्या तासाच्या दुसऱ्याच दिवशी. मी फळ्यासमोर उभी राहिले, मौनीबाई मागे बसली, आणि माझ्या तोंडून निघालं, "टुडे वी विल लर्न अबाउट अँग...?" वर्ग गरजला. मला थांबायचं होतं, पण थांबता येईना. भुवया आपोआप वर जात होत्या. एकही वाक्य माझ्याच्यानं पुरं झालं नाही. मौनीबाईनं मला बाहेर नेऊन विचारलं, हा काही आनुवंशिक प्रकार आहे का. मी म्हटलं, लग्नानंतर लागला. तास नापास. महिन्यानं पुन्हा.

म्हणून आता रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात माझी शिकवणी असते. नवरा पेपर घेऊन बाहेर जातो. गेल्या खेपेला तो कटात होता हे कळल्यापासून त्याला तसंही आत यायची सोय उरलेली नाही. सासूबाई शाळेतून येतात, किल्ली ओट्यावर ठेवतात, खुर्ची ओढून बसतात. नियम असा, की मी एक पूर्ण प्रश्न विचारायचा आणि मग उत्तर येईपर्यंत तोंड बंद. कुणी अर्धा शब्द पुढे केला तरी तो पुरा करायचा नाही. मेले तरी नाही.

काल मी तव्यापासून बाजूला झाले, हात पुसले आणि विचारलं, "आई, तुम्ही माझ्यावर खूश आहात का?"

विचारलं आणि माझीच जीभ चावली. इतक्या वर्षांत आमच्यात असलं काही बोलणं झालं नव्हतं. गॅस, झाकणं, मीठ यांच्यापलीकडे आम्ही गेलोच नव्हतो.

सासूबाई किल्लीशी चाळा करत राहिल्या. मग नेहमीसारख्या भुवया वर गेल्या.

"मी तुझ्यावर खू...?"

माझ्या जिभेच्या टोकावर शब्द आला होता. मी ओठ गच्च मिटले. त्या वाट बघत होत्या. मीही वाट बघत होते. भुवया आणखी वर गेल्या, "खू...?" मी ओट्याची कड धरली आणि मान नकारार्थी हलवली. परीक्षा माझी होती, पण शब्द त्यांचा होता.

भुवया हळूहळू खाली आल्या. सासूबाईंनी किल्लीवरून नजर उचलली.

"खूश आहे," त्या म्हणाल्या. "मी तुझ्यावर खूप खूश आहे."

मग उठल्या आणि तव्याखालचा गॅस स्वतःच बंद केला.